टायरची दाढी

गुळगुळीतराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव त्याच्या आईला ठाऊक होतं, पण ती त्याला "मूर्खा" म्हणायची, त्यामुळे तेही वापरात नव्हतं. चौकातल्या सलूनचा तो मालक. त्याने केलेली दाढी अशी असायची की गालावर माशी बसली तर तिचा पाय घसरावा. त्यावरून हे नाव पडलं, आणि त्याला त्याचा भारी अभिमान. अभिमान कसला, रोगच होता तो! कुठे खुंट दिसला की याचे हात शिवशिवायचे. घरात नवं पायपुसणं आलं, तर त्याचे वर आलेले धागे याने वस्तऱ्याने साफ तासून टाकले. पायपुसणं देखणं झालं, फक्त त्याला पाय पुसता येईनात.

आता अशा माणसाच्या हाती देवाने कोरे टायर द्यावेत का? पण दिले.

त्याचं असं झालं. आई बाथरूममध्ये पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सळई घालून ते जोडलं, पण कमरेत वाकणं गेलं ते गेलंच. धरून दोन पावलं टाकता यायची, खुर्चीत बसता यायचं, पण गाडीच्या दारातून मान घालून आत शिरणं काही जमेना. दोन वर्षं म्हातारी घरात. पाय थांबले तशी पायांतली सगळी ताकद जिभेत जाऊन बसली.

ही ताकद खर्च व्हायची धाकट्या बहिणीवर, म्हणजे मावशीवर. मावशी शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. रोज संध्याकाळी दोघींचं फोनवर भांडण. विषयाला तोटा नव्हता. लहानपणी शेजाऱ्यांची काच कोणी फोडली आणि मार कोणी खाल्ला, इथून सुरुवात व्हायची आणि एकमेकींच्या नवऱ्यांचा उद्धार करून गाडी पुढे जायची. दोन्ही नवरे बिचारे कधीच सुटले होते. भांडण ऐन रंगात आलं, आईला हुकमी मुद्दा सुचला, की मावशी खटकन फोन ठेवून द्यायची. मग आई रात्रभर चरफडायची आणि दुसऱ्या दिवशी आपणच फोन लावायची.

"हे काय भांडण झालं?" ती फणफणायची. "भांडण समोरासमोर व्हावं लागतं. मला तिच्या तोंडावर बोलायचंय. तिथून कशी पळते तेच बघते."

"व्हिडिओ कॉल लावून देऊ?" गुळगुळीतराव विचारायचा.

"लावला होतास. तासभर तिची एक नाकपुडी बघत बसले."

अँब्युलन्सने नेतो म्हणाला, तर तिने त्याची बिनपाण्यानेच केली. "मी भांडायला चाललेय रे मूर्खा, मरायला नाही!"

शेवटी त्याने समुद्रापलीकडून एक जुनी गाडी मागवली. साधीशीच, पण तिची पुढची डावी सीट बटण दाबलं की वळून दाराबाहेर यायची, आणि हळूहळू खाली उतरून खुर्चीइतक्या उंचीवर थांबायची. माणसाने नुसतं टेकायचं. पुन्हा बटण दाबलं की सीट माणसासकट आत. गुळगुळीतरावाने त्या सीटचा व्हिडिओ गिऱ्हाइकांना इतक्या वेळा दाखवला होता, की लोक दाढी वाढवून फिरू लागले.

गाडी जहाजातून उतरून सलूनमागच्या अंगणात आली, आणि त्याच आठवड्यात दुसरी बातमी आली. मावशीचा परदेशातला मुलगा तिला कायमचा आपल्याकडे नेणार होता. रविवारचं विमान. या वयात गेलेली बाई परत येत नाही, हे सांगायला ज्योतिषी नको. त्या संध्याकाळी आईने मावशीला फोनसुद्धा केला नाही. जेवण झाल्यावर तिने लेकाला जवळ बोलावलं.

"शनिवारपर्यंत मला तिच्यासमोर नेऊन बसव," ती म्हणाली. "नाहीतर मी मरेन तेव्हा माझ्या तोंडात अर्धं वाक्य असेल."

बाकी सगळं मार्गी लागलं होतं, उरली होती फक्त वाहन तपासणी. बाहेरून आलेली गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे, असं साहेबाने म्हटलं की झालं. गुळगुळीतरावाने ठरवलं, गाडी अशी चकचकीत करायची की साहेबाने नुसतं बघून मान डोलवावी. बादली घेतली, कपडा घेतला, गाडी धुतली. धुता धुता तो खाली उकिडवा बसला आणि त्याची नजर टायरवर गेली.

टायरला केस होते.

नव्या टायरला असतात तसे, रबराचे बारीक काटे. गाडी पाठवणाऱ्याने सौजन्य म्हणून कोरे टायर घालून दिले होते. दुसऱ्या कोणाला ते दिसलेही नसते, पण याला ते बघवेनात. तो आत गेला, जुना वस्तरा घेऊन आला आणि चारही टायरच्या बाहेरच्या बाजू त्याने तासल्या. तिथेच थांबला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण अति तिथे माती! केस गेल्यावर टायरच्या गालावरची अक्षरं डोळ्यांत खुपायला लागली. काय ती अक्षरं, काय ते आकडे, गोल काय, रेघा काय. आणि सगळं उठलेलं, म्हणजे बोट फिरवलं तर हाताला लागणारं. गुळगुळीत गालावर एवढे फोड कोण ठेवील? त्याने आधी वस्तरा चालवला, मग पॉलिशपेपर, शेवटी ओला कपडा. संध्याकाळपर्यंत चारही टायर लोण्यासारखे झाले. त्याने प्रत्येकाच्या गालावरून उलट्या हाताने बोटं फिरवली, गिऱ्हाइकाच्या फिरवतो तशी, आणि समाधानाने घरी गेला.

दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोवर चढवून तपासणीच्या आवारात नेली. तिथला साहेब गुळगुळीतरावाचं जुनं गिऱ्हाईक. काटकुळा, चष्मेवाला, भलता वाचनाचा शौकीन, पण वाचायचा फक्त वस्तूंवरचं बारीक छापलेलं. दाढीला बसला तरी आधी क्रीमच्या ट्यूबवरची तारीख वाचायचा. लाच म्हटलं की लाच म्हणजे काय, असं खरोखरच्या कुतूहलाने विचारणारा माणूस. गुळगुळीतराव त्याला बघून खुश झाला. आपलाच माणूस!

आपल्या माणसाने ब्रेक बघितले, दिवे बघितले, हॉर्न वाजवला, सीट बाहेर काढून स्वतः बसून आत आला. मग खाली बसून टायरवर टॉर्च मारला. चष्मा पुसला. दुसऱ्या टायरकडे गेला, तिसऱ्याकडे गेला, पूर्ण फेरी मारून पहिल्याकडे परत आला.

"यावर काही लिहिलेलंच नाही," साहेब म्हणाला.

"नाही ना!" गुळगुळीतराव खुलला. "एकदम साफ."

"साफ म्हणजे?"

"म्हणजे होता की मजकूर, चिक्कार होता. नुसती जाहिरातबाजी. काढला."

साहेबाने चष्मा काढला. आवारातला मेकॅनिक पाना हातात घेऊन तिथेच उभा होता, तो कामच विसरला.

"गुळगुळीतराव," साहेब शांतपणे म्हणाला, "बाहेरच्या गाडीच्या टायरवर तीन गोष्टी वाचता यायला हव्यात. एक, आपल्याकडे चालणारा मंजुरीचा शिक्का, तो गोलात असतो. दोन, टायर कधी बनला. तीन, त्याला वजन किती आणि वेग किती झेपतो. यातलं एक जरी नसेल तर ती गाडी रस्त्यावर येत नाही. तुम्ही तिन्ही तासलंत."

"पण टायर नवे आहेत साहेब, दिसतायत की!"

"मला दिसतायत. नियमाला दिसत नाहीत."

"गोल होता, शपथेवर सांगतो. माझ्या हाताने काढलाय, या बोटांना आठवतोय!"

"मग तुमचं बोट फायलीत लावू का?" साहेबाने विचारलं, आणि टिंगल म्हणून नव्हे, अडचण खरीच समजून घेत विचारलं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? साहेबाने टायरच्या गालावर अंगठा दाबून दाबून बघितला. "आत कापलं नाहीत हे नशीब. हात हलका आहे तुमचा. पण गाडी इथेच राहील."

गुळगुळीतराव शहरातली टायरची दुकानं पालथी घालून आला. त्या मापाचे टायर इकडे कोणी वापरतच नव्हतं. मागवून देतो, महिनाभर लागेल, असं सगळ्यांनी गोड हसून सांगितलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्याच हाताने, तेही हौसेने, त्याने आईच्या वाटेवर काटे पसरले होते. काटे काढून पसरले होते म्हणा हवं तर.

आईला सांगायची काही छाती झाली नाही. "साहेबाने अडवलंय," एवढंच तो म्हणाला. खोटं तर नव्हतं. झालं, आईच्या तोंडाचा पट्टा सुटला. त्या साहेबाच्या सात पिढ्यांपैकी पुढच्या तीन ती आडवी करून मोकळी झाली, आणि गुळगुळीतराव खाली मान घालून पोळीचा एकच तुकडा चावत बसला. रात्री त्याला झोप लागली नाही. अर्धं वाक्य, अर्धं वाक्य, एवढंच कानात.

शुक्रवारी सकाळी साहेब दर शुक्रवारसारखा दाढीला आला. जसं काही झालंच नाही! खुर्चीत बसला, ट्यूबवरची तारीख वाचली आणि डोळे मिटले. गुळगुळीतरावाने फेस लावला. मनात काय काय आलं ते न सांगितलेलं बरं, वस्तरा हातात असताना माणसाने फार विचार करू नये. उजवा गाल झाला, तेवढ्यात सलूनचा फोन वाजला.

"तो तुझा साहेब आलाय ना आज?" आईचा आवाज फोनबाहेर दारापर्यंत ऐकू येत होता. "दे त्याला!"

"आई, अगं, तो दाढीला..."

"मग तर पळूही शकत नाही. दे!"

साहेबाने फोन घेतला. माणूस सभ्य. "हो आजी. नाही आजी. माझा काही राग नाही आजी." पाच मिनिटं तो नुसता ऐकत होता, आणि डाव्या गालावरचा फेस सुकत होता. मग म्हणाला, "आजी, एक गैरसमज होतोय. मी नाही अडवलं. तुमच्या मुलाने टायरची दाढी केली."

गुळगुळीतरावाने कपाळावर हात मारला. वस्तरा दुसऱ्या हातात होता म्हणून बरं.

दोन वर्षांत आई फोनवर गप्प झाल्याचा हा पहिलाच प्रसंग. मग आवाज आला, आणि तो आता थकलेला होता.

"पूर्ण केली की अर्धीच?" तिने विचारलं. "विचारते आपली. जन्मात एक काम धड पुरं केलं नाही त्याने."

साहेब काही उत्तर देणार, तोच गुळगुळीतरावाचं लक्ष आरशात गेलं. साहेबाचा एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर खुंट तसेच.

"साहेब!" तो असा ओरडला की बाकावरचं गिऱ्हाईक उठून उभं राहिलं. "अर्धीच! अर्धीच केलीय! आतला गाल तसाच आहे!"

"कुणाचा?"

"टायरचा हो! बाहेरचीच बाजू तासली, गाडीखाली कोण कशाला घुसतंय! आतल्या बाजूला असेल ना सगळं?"

साहेब विचारात पडला. खरोखरच पडला. "असू शकेल," साहेब म्हणाला. "काही टायरना दोन्हीकडे असतं, काहींना एकाच अंगाला. नियमात 'वाचता आलं पाहिजे' एवढंच आहे. कुठून वाचायचं, ते नाही."

मग काय! गळ्यात सलूनचा कपडा, डाव्या गालावर वाळलेला फेस, अशा अवतारात सरकारी अधिकारी रिक्षातून आपल्याच कचेरीत आला. मेकॅनिकने गाडी वर उचलली. साहेब उताणा होऊन टॉर्च घेऊन खाली सरकला, आणि गुळगुळीतराव बाजूला हात जोडून उभा. कुठल्या देवाला जोडलेत, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"गोल आहे," खालून आवाज आला. "तारीखही आहे. वजन, वेग, ठीक. हा पास."

दुसराही पास, तिसराही पास. चौथ्याखाली साहेब बराच वेळ राहिला.

"हा उलटा बसवलाय," तो म्हणाला. "कंपनीचं नाव आहे, शिक्का नाही. शिक्का बाहेरच्या अंगाला असणार."

बाहेरच्या अंगाला म्हणजे लोण्यात. तीन चाकांवर गाडी रस्त्यावर आणायला परवानगी आहे का, असं विचारायचं गुळगुळीतरावाच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"स्टेपनी कुठंय?" मेकॅनिकने विचारलं.

"कोण?"

"अहो, जादाचं चाक!"

आपल्या गाडीला जादाचं चाक आहे हे गुळगुळीतरावाच्या गावीही नव्हतं. डिकीचं फळकूट उचललं, तर खाली ते गुपचूप पडलेलं. नवं कोरं, अंगभर केस, आणि गालावर शिक्क्यासकट सगळा मजकूर ठसठशीत! गुळगुळीतरावाला इतका आनंद झाला की तो ते कुरवाळायला पुढे झाला, आणि बोटं आपोआप त्या काट्यांवर गेली.

"हात खिशात!" साहेब ओरडला. "गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत दोन्ही हात खिशात!"

मेकॅनिकने चाक बदललं. साहेबाने सही केली. उरलेली अर्धी दाढी गुळगुळीतरावाने तिथेच आवारात, नळाच्या पाण्यावर, फुकट करून द्यायला घेतली. फुकटची म्हणून साहेब तयार होईना. शेवटी पैसे देऊनच गेला.

शनिवारी आईने ठेवणीतले कपडे घातले. सीट बाहेर आली, खाली उतरली, ती टेकली, आणि दोन वर्षांनी म्हातारी गाडीत बसली. रस्ताभर तिचे ओठ हलत होते. मुद्द्यांची उजळणी चालली होती.

मावशीच्या इमारतीसमोर गाडी थांबली, तेव्हा गुळगुळीतरावाने वर बघितलं आणि मजले मोजले. मावशी दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. आईला जिना चढता येणार नव्हता, आणि मावशी गुडघ्यांपायी वर्षभर खाली उतरलेली नव्हती. जहाज, सीट, टायर, शिक्का, सगळा विचार झाला होता. जिन्याचा विचार कोणीच केला नव्हता.

"मूर्खा," आई म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. मग तिने स्वतःच बटण दाबलं. सीट घूं करत बाहेर आली, थेट जिन्याच्या तोंडाशी थांबली, आणि आईने मान वर करून हाक दिली, "ए धाकटे! ये खिडकीत!"

खिडकीत एक पांढरं डोकं आलं.

"काच तू फोडलीस!" आई ओरडली.

"तू फोडलीस!" वरून उत्तर आलं. "आणि माझ्या नावावर खपवलीस!"

गल्लीतल्या खिडक्या पटापट उघडल्या. आई तर काय, चढतच गेली. दोन वर्षांचे अर्धवट राहिलेले मुद्दे एकेक करून वर भिरकावत होती. आणि मग हुकमी मुद्द्याला तिने तोंड उघडलं, तर खिडकीतून मावशी गायब.

"बघितलंस?" आई लेकाकडे वळली. "इथेही ठेवला फोन!"

तेवढ्यात जिन्यातून घासल्यासारखा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ मावशीचा. "आले, आले! मुद्दा धरून ठेव!" गुळगुळीतराव पळत वर गेला. मावशी लहान मुलासारखी एकेका पायरीवर बसत, सरकत, धापा टाकत खाली येत होती. त्याने हात पुढे केला.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "तुझ्या आईशी भांडायला चाललेय. मला येतं उतरता."

शेवटच्या पायरीवर ती टेकली. समोर आईची सीट. दोघींच्या मध्ये जेमतेम हातभर अंतर.

"बोल आता," मावशी म्हणाली. "इथून कुठे पळू मी?"

आईने तोंड उघडलं, पण आलं ते भलतंच. "किती वाळलीस गं."

"भांडायला आलीस की वजन करायला?"

"भांडायलाच. आधी सांग, दर वेळी ऐन मुद्द्यावर फोन का ठेवायचीस?"

मावशीने पदराने तोंड पुसलं. "मुद्दा पुरा झाला असता, तर दुसऱ्या दिवशी कशाला फोन केला असतास तू? दिवसभरात तेवढाच वाजायचा."

गुळगुळीतरावाला रडू आलं, आणि त्याने ते लपवलंही नाही.

"मग सांगायचं ना, बये," आई म्हणाली. "करमत नाही, ये, एवढं म्हणायचं. तशीच आले असते मी."

"आली असतीस, ताई?"

आईने खरोखर विचार केला.

"नसते आले," ती म्हणाली. "आणि आता तू चाललीस."